खाली मराठी अक्षरं

बुद्धघोषमामांनी महिनाभर माझं डोकं उठवलं होतं. टीव्ही नवा आला, घरात इंटरनेट आलं, आता पिक्चर बघायला कुठलं ॲप घ्यायचं एवढंच ठरवायचं होतं. इंदापुरात शाळेतली पोरंसुद्धा हे काम चहा निवायच्या आत उरकतात. मामांना ते उरकेना, आणि आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून असल्यामुळे माझीही सुटका होईना.

मामा पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरीला होते. या काठावरून त्या काठावरच्या माणसाशी बोलण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे हळू बोलणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नाही. ते निवृत्त झाले, आवाज झाला नाही. त्यात ताईबाईमामींचे कान हळूहळू गेले. मग मामांनी आवाज आणखी चढवला. "आमटीत मीठ कमी हाय" हे आमच्या घरात स्पष्ट ऐकू यायचं, फक्त मामींना यायचं नाही. कानाचं मशीनही आणून झालं. ते सारखं शिट्ट्या मारतं म्हणून मामींनी कपाटात ठेवून दिलं.

या दोघांना सिनेमाचा नाद जुना. तरुणपणी जत्रेतल्या तंबूत सिनेमा बघायला सायकलवर डबलसीट जायची. पुढं टीव्हीवर आलेला मराठी पिक्चर कधी चुकवला नाही, आणि बघता बघता दोघंही पडद्यावरच्या सावकाराला शिव्या घालायची. कान गेले तशा मामी उठून स्वयंपाकघरात जाऊ लागल्या. "नुसती हलनारी तोंडं काय बघायची?" म्हणाल्या आणि लसूण सोलत बसल्या. मामा एकटेच टीव्हीसमोर उरले, तेही निम्म्यातून उठायचे. मग त्यांना कुणीतरी सांगितलं की हल्ली पडद्यावर खाली अक्षरं येतात. झालं! मामींना परत शेजारी आणून बसवायचंच, असं त्यांनी मनावर घेतलं.

मामींना मराठी वाचता येतं. लग्नात अंगठा उठवत होत्या, नंतर साक्षरतेच्या वर्गाला जाऊन शिकल्या. इंग्रजीचा मात्र संबंध नाही. म्हणून मामांचा सवाल एकच होता, "खाली मराठी अक्षरं येत्यात का?" आणि या सवालाला कुणी सरळ उत्तर देईना.

बारामतीच्या दुकानदारानं सांगितलं, "काका, हे घ्या, यात सगळं क्रिकेट आहे."

"क्रिकेट खाली लिवून येतं का?" मामा गरजले. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी जाहिरातीचे फलक वाचत लांब जाऊन उभा राहिलो.

त्यांची लेक रश्मी पुण्यात असते. ती फोनवर म्हणाली, "बाबा, ते दुसरं घ्या, त्यात मराठी आहे." घेतलं. लावून बघतो तर गोरी माणसं अस्सल मराठीत भांडत होती आणि खाली अक्षरं इंग्रजी! मामा कपाळ बडवून म्हणाले, "बहिऱ्या मानसापुढं गोऱ्याला मराठी शिकवून काय उपेग, सूरज?" जसं काही मीच शिकवलं होतं.

तिसऱ्यात पिक्चर मराठी निघाला, पण खाली हिंदी. मामींनी चष्मा पुसून दोन ओळी वाचल्या. "अक्षरं वळखीची हायती, मानसं वळखीची न्हायती," म्हणाल्या आणि लसणाकडं गेल्या. प्रत्येक ॲपचा ओटीपी रश्मीच्या मोबाइलवर, रश्मी मीटिंगमध्ये, मामा तणतणतायत आणि रिमोट माझ्या हातात. रोज संध्याकाळी हेच. शेवटी मी वैतागून म्हणालो, "मामा, नाद सोडा. मामींना तरी कुठं एवढी हौस राहिलीय?"

"तिला नसंल, मला हाय!" मामा ओरडले. "ती शेजारी नसली की मला पिक्चर गोडच लागत न्हाय!"

सगळ्या आळीनं ऐकलं. आतल्या मामींनी मान वर केली नाही.

यानंतर कुठल्या तोंडानं घरी जाणार? बसलो शोधत. कधी नाव न ऐकलेलं एक छोटं मराठी ॲप सापडलं. त्यात खेडेगावातला पिक्चर होता आणि खाली चांगली ठसठशीत मराठी अक्षरं. मामांनी मामींना हाताला धरून आणून बसवलं.

वाटलं, सुटलो. कसलं काय! मामी वर्गात शिकल्या होत्या तशाच वाचायला लागल्या, मोठ्यानं, एकेका शब्दावर बोट नाचवत. स्वतःचा आवाज स्वतःला येत नाही, त्यामुळे तो किती मोठा आहे याचाही पत्ता नाही. पिक्चरचं एक अक्षर मामांना ऐकू येईना. शिवाय मामींची ओळ संपायच्या आत पडद्यावरची पळून जायची. मग "थांबवा!", मग "लावा!" मामा बटण दाबून दाबून घायकुतीला आले. "आगं, मनात वाच की!" ते किंचाळले. मामी पुढची ओळ वाचत होत्या.

तेवढ्यात खाली आलं, 'दार वाजतं.' मामींनी वाचलं आणि उठून दाराची कडी काढली. बाहेर कुणीच नाही. मामांनी डोक्याला हात लावला. पडद्यावरचं दार वाजलं हे मी त्यांना खुणेनं समजावता समजावता घामाघूम झालो.

पुढं आलं, 'कोंबडा आरवतो.' मामी थबकल्या.

"ह्ये आवाज बी लिवत्यात व्हय?" त्यांनी मला विचारलं. मी मान डोलावली. मग 'बांगड्या वाजतात' आलं, 'लांबवर बैलगाडी जाते' आलं. मामींनी बोलणं वाचायचं सोडून तेवढंच वाचायला सुरुवात केली. त्यांचा चेहरा इतका फुललेला मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

मग मामांकडं वळून त्या म्हणाल्या, "तुमचं बोलनं बी असं खाली लिवून आलं आसतं तर लई बरं झालं आसतं. मला तुमी रागावलाय एवढंच दिसतं. किती वर्सं झाली, नुसतं रागवतायच."

मामांनी सवयीनं छाती भरून घेतली. "आगं, मी कुठं..." आणि ते थांबले. पिक्चर थांबवला. खुर्ची ओढून मामींच्या समोर बसले आणि काहीतरी बोलले. मी त्याच खोलीत होतो, पण मला एक शब्द ऐकू आला नाही. नुसते ओठ हलले, सावकाश.

मामी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"न्हाय रागावला?" त्यांनी विचारलं.

मामांनी नाही म्हणून मान हलवली.

"मग आधी सांगायचं न्हाय का?" मामी म्हणाल्या. "लावा आता पुढं."