हळदकुंकू लावून दिलेला कॉम्प्युटर

ती घटना आठवली की आजही भर दुपारी अंगावर काटा येतो. मी तेव्हा सेलू भागात ठाणेदार होतो. सकाळची हजेरी उरकत होतो, तेवढ्यात एक तरुण मुलगी आली. खुर्ची दिली तरी बसेना.

"साहेब, माझा भाऊ मेलाय," ती म्हणाली, "आन् तो माझं लग्न ठरवायलाय."

ठाणे अंमलदार फिसकन हसला. मी डोळे वटारले. थट्टा करायला कुणी ठाण्याची पायरी चढत नाही. तिनं सांगितलं, भाऊ स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता, अपघातात गेला. घरात आता ही आणि आई. देवगाव फाट्याजवळच्या गावातला एक बुवा आईचं मेलेल्या पोराशी बोलणं करून द्यायचा. बुवाच्या भाच्याशी बहिणीचं लग्न लावा, तरच मी सुटेन, असा पोराचा निरोप होता म्हणे. आईनं शब्द दिला होता आणि साखरपुडा तोंडावर आला होता.

मी साध्या वेशात, पोरीच्या मैत्रिणीचा मामा बनून बैठकीला गेलो. रणरणतं ऊन, पत्र्याची खोली, त्यात वीज गेलेली. काळ्या पडद्यापुढं बुवा डोळे मिटून बसला.

पडद्यामागून आधी खोकला आला. मग आवाज. "आई... आई, आलीस का गं?"

"हाय रे बाळा, इथंच हाय मी!" आई ढसाढसा रडायला लागली.

बुवानं विचारलं, "बहीण आमच्या घरी दिली तर सुटशील का?"

"हो. चालतंय की."

"आवाज त्याचाच हाय, मामा," पोरगी माझ्या कानात पुटपुटली. तिनं माझी बाही घट्ट धरली होती. हयातभर मुडद्यांचे पंचनामे केलेला मी, पण माझीही पडद्याकडं बघायची छाती होईना. त्या आवाजामागं कसलीतरी बारीक खडखड होती, एवढं मात्र कानानं टिपलं.

दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला त्यांच्या घरी गेलो. पोरीनं भावाच्या खोलीतला पंखा लावला आणि माझा पेन थांबला. तीच खडखड! बुवाकडं तर वीजच नव्हती. म्हणजे आवाज या खोलीत कधीतरी भरून ठेवलेला होता.

"या रिकाम्या टेबलावर काय होतं?" मी विचारलं.

"त्याचा कॉम्प्युटर. उत्तरं मोठ्यानं वाचून त्यात भरायचा, मग ऐकत बसायचा. मधीच आईला हाक मारायचा, तेबी भरलं जायचं. तेराव्याला आईनं बुवाला दान दिला. पण मी सगळं डिलीट केलं होतं, साहेब!"

"आन् मी गोमूत्र शिंपडून, हळदकुंकू लावून दिला," आई म्हणाली. त्या माउलीच्या हिशेबी वस्तू शुद्ध झाली होती.

पुढच्या बैठकीला आम्ही पडदा ओढला. मागं भाचा, मांडीवर लॅपटॉप, शेजारी बॅटरीवरचा स्पीकर. बुवाच्या घरातला मेलेल्या पोराचा कॉम्प्युटर आणि तो लॅपटॉप पंचांसमक्ष जप्त केला. ठाण्यात बुवा नुसते शाप देत राहिला. भाच्याला मी चहा दिला आणि गप्प बसलो. खोट्या माणसाला शांतता सोसत नाही.

"डिलीट केलं तरी जात न्हाई, साहेब," तो अखेर बोलला. "नुसतं नाव जातं, माल तिथंच राहतो. मी परत काढला, तुकडे जोडले." परभणीच्या सायबर सेलनंही तेच सांगितलं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, लग्न मोडलं.

माणूस गेला तरी त्याचा आवाज मागं राहतो आणि तो कुणाच्याही हाती लागू शकतो, हे मला त्या केसनं शिकवलं. तेव्हापासून कुणी जुना कॉम्प्युटर द्यायला निघालं, की मी आधी डिस्क पुसलीस का म्हणून दरडावतो.

खटला संपला, मुद्देमालातला कॉम्प्युटर परत न्यायला मायलेकी आल्या. भाच्याचा लॅपटॉप कोर्टाच्या हुकमानं आधीच पुसला होता. सायबरचा हवालदार म्हणाला, "अख्ख्या डिस्कवर नव्यानं शून्यं लिहावी लागतात. मग कुणाच्या बापाला काही सापडत नाही."

"आई, पुसायच्या आधी एकदा ऐकायचं का?" मुलीनं विचारलं.

आईनं मान हलवली. मग म्हणाली, "न्हाई. ऐकलं तर माझ्यानं पुसवणार न्हाई. पुसा, साहेब. माझ्या लेकराला आता कुणी बोलायला लावू नये."

काम संपायला संध्याकाळ झाली. तोवर आई त्या कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवून बसली होती.