मागचं चाक

इंद्रभान नट काढला की टोपीत ठेवायचा. चहा उभ्यानेच प्यायचा. कुणी बोलायला आलं तर त्याच्या तोंडाकडे नाही, त्याच्या गाडीच्या चाकांकडे बघायचा. मी एम.ए. झालेला; माझी कवितांची वही त्याने एकदा चाळली, पानावर काळा अंगठा उमटला, म्हणून दुसऱ्या दिवशी नवी वही आणून दिली. कविता मात्र वाचल्या नाहीत.

देऊळगाव राजाला उत्तमरावांच्या वर्कशॉपात तो लेथवर लोखंड, पितळ कातायचा. वय एकतीस. घरी वडिलांची पंचेचाळीस वर्षं जुनी मोटारसायकल. मलकापूरकडे एका पडीक रानात जुन्या गाड्यांची शर्यत होते. गेल्या वर्षी तो उतरला. साठच्या पुढे गाडी थरथरली, त्याने वेग सोडला आणि तो शेवटचा आला.

"म्हातारी नाचते बे!" लोक ओरडले.

ते त्याला लागलं. यंदा नंबर नको होता. सरळ पट्ट्यावर वेग न सोडता जायचं होतं, एवढंच.

पण थरथर पुढून येते की मागून, तेच कळेना. पुढून असेल तर हँडलचा कोनसेट बदलायचा, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या छऱ्या-वाट्या. मागून असेल तर चिमट्याचे बुश. चिमटा मागचं चाक धरून ठेवतो. त्यातले पितळी बुश झिजले की चाक डोलतं. हाताने हलवलं तर थोडी ढिलाई दोन्हीकडे लागायची.

"तू उलटा बस," तो म्हणाला. "माह्या पाठीले पाठ लाव. खाली वाकून चाकाकडं पाहत राह्य."

"पडलो तर?"

"त्याच्यावर कविता लिही."

सकाळी बायपास मोकळा होता. तो मोठ्याने आकडे सांगत होता. पन्नास. पंचावन्न. रस्ता माझ्या बुटांखालून पळत होता. साठला गाडी थरथरली आणि मी डोळे मिटले.

गाडी थांबली. "दिसलं का, एम.ए.?"

"हाव. सरळ होतं."

"डोललं नाही?"

"नाही."

पुन्हा बसावं लागू नये म्हणून मी तसं म्हणालो.

त्याने कोनसेट बदलला.

शर्यत रविवारी होती. तिसऱ्या फेरीला सरळ पट्ट्यावर त्याने वेग सोडला नाही. मी दोरीपाशी उभा होतो. मागचं चाक डोललं. मग जास्त डोललं. मग नुसती धूळ.

जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बुलढाणा यायच्या आत तो गेला.

तेरावं झाल्यावर उत्तमरावांनी मला वर्कशॉपात बोलावलं. लेथ बंद होता.

"याले म्या हात नाही लावला," ते म्हणाले. "चिमट्याचे बुश हायेत. शुक्रवारी करायले लागला होता. मनात शंका होती त्याच्या. एक झाला. दुसऱ्याले भोक पाडलं आन् मशीन बंद केली. म्या म्हटलं, काऊन बे, होऊन जाऊ दे ना. तं म्हणे, दोस्तानं सोताच्या डोळ्यानं पाह्यलं, मागचं सरळ हाय. आता रेस झाल्यावर करतो."

मी लेथजवळ गेलो.

एक बुश वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवलेला होता. दुसरा मशीनच्या पकडीतच होता. आतून भोक पडलेलं. बाहेरून अजून कच्चा, मापाला आणायचा राहिलेला.