पडद्यावर थांबलेला हात

माझी धाकटी बहीण जन्मापासून बहिरी. आम्ही गोव्यातल्या केरीच्या. तिथे तिला शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून आईने ती सहा वर्षांची असतानाच तिला कोल्हापूरच्या मूकबधिर मुलांच्या वसतिगृहात ठेवलं. सुट्टीत घरी आली की ती तिथे शिकलेल्या खुणा मला शिकवायची. समुद्रावर बसून आम्ही तासन्‌तास हातांनी बोलायचो आणि होड्या ओढणारे बाप्ये आमच्याकडे बघत राहायचे. पुढे त्याच शाळेतल्या एका मुलाशी तिचं लग्न झालं. तोही बहिरा. घरीच कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका, हँडबिलं तयार करायचं काम करायचा. सासर कोल्हापुरातच. घरात सासू, मोठे दीर आणि जाऊ. या तिघांना ऐकू येत होतं, पण खुणा कुणालाच धड येत नव्हत्या.

मी लग्न होऊन साखळीत आले. बालवाडीत शिकवत होते. नवरा पाळीच्या खाणीवर मशीन चालवायचा. खाणी बंद झाल्या आणि तो कामासाठी गुजरातला गेला. जाण्याआधी खाणीच्या ऑफिसातून मोडीत काढलेला एक लॅपटॉप त्याने घरी आणून ठेवला होता. जड, काळा, डाव्या बाजूला तापणारा. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाईंनी त्यांच्या वायफायचा पासवर्ड मला दिला, आणि दर रविवारी दुपारी चार वाजता बहीण तिच्या नवऱ्याच्या कॉम्प्युटरवरून आणि मी लॅपटॉपवरून, अशा पडद्यावर भेटू लागलो. माझा मोबाईल साधा, बटणांचा. आई-वडील तेव्हा दोघंही गेलेले. तिच्या हातांचं ऐकणारं माहेरचं माणूस म्हणजे मी एकटी.

त्या रविवारी ती सहा महिन्यांची गरोदर होती. नवरा बाहेर गेला होता आणि बाकीचे आत झोपले होते. समोर आल्या आल्या मला कळलं की काहीतरी बिनसलंय. तिच्या खुणा एरवी मोकळ्या, ऐसपैस असतात. त्या दिवशी ती छातीजवळच, आखडून बोलत होती. मध्येच मागे वळून दाराकडे बघत होती. "जाऊबाई," ती म्हणाली. "बाळ." मग काहीतरी जे मला कळलं नाही. मी पुन्हा सांग म्हटलं. तिने दोन्ही हातांचं छप्पर केलं, म्हणजे घर. मग उजवा हात वर उचलला, आणि चित्र थांबलं.

आमच्या खुणांत 'येणे' एकाच हाताने दाखवतात. हात माझ्याकडून तुझ्याकडे गेला तर मी येते, तुझ्याकडून माझ्याकडे आला तर तू ये. थांबलेल्या चित्रात हात नुसता मधोमध होता. ती घर सोडून माझ्याकडे येत होती की मला बोलावत होती, ते कळायला मार्ग नव्हता. काही क्षणांनी ते चित्रही गेलं. लॅपटॉपच्या पुढच्या कडेवरचा वायफायचा निळा दिवा विझून नारिंगी झाला होता.

मी वर धावले. मालकीणबाई व्हरांड्यात तांदूळ निवडत होत्या.

"काय गो, नेट चलना? आमचो दिवो तर लागलेलो आसा," त्या म्हणाल्या.

त्यांचं यंत्र चालू होतं. दोष माझ्याकडेच होता. त्यांच्या यंत्रातून थेट वायर जोडावी, तर लॅपटॉपच्या त्या खाचेतली पितळी टोकं आधीपासूनच वाकलेली. वायर बसतच नव्हती.

मी बहिणीला मोबाईलवर मेसेज केला, काय झालं म्हणून. तिला मराठी लिहिता येतं, पण ती तिची भाषा नव्हे. शब्द येतात, त्यांना जोडणारं काही येत नाही. तासाभराने उत्तर आलं: "ताई घर ये." कोण ये, कुणाचं घर? मी विचारलं, तू येतेस की मी येऊ? उत्तर आलं: "लिही नाही. हात." त्यानंतर काहीच नाही.

सोमवारी मी तिच्या सासूला फोन केला. "अगं, बरी हाय की ती. तिला काय झालंय? खातीया, पितीया," त्या म्हणाल्या. आवाजात जराही खोट वाटली नाही. त्यामुळे मी जास्तच घाबरले. निघावं असं मनात आलं. पण ती इकडे यायला निघाली असेल आणि मी तिकडे गेले, तर साखळीच्या स्टँडवर उतरून ती गरोदर बाई कुणाला काय सांगणार? तिला निदान एकदा समोर बघायला हवं होतं.

त्या दोन दिवसांत बालवाडीतून आल्यावर मी लॅपटॉपपाशी बसायची. बंद करून पुन्हा चालू केला. कडेला वायफायचं एक छोटं सरकतं बटण आहे हे मला पहिल्यांदाच कळलं. ते पुढेमागे केलं. नवऱ्याने फोनवरून सांगितलं तशी मशीनच्या भागांची यादी उघडली. सोमवारी वायफाय कार्डाच्या नावापुढे पिवळा त्रिकोण होता. ते काढून टाक, मशीन बंद करून चालू कर, ते आपोआप परत बसेल, असं तो म्हणाला. तसं केलं. दिवा निळा झाला, मालकीणबाईंच्या वायफायचं नाव दिसलं, मी हात जोडले. दहा मिनिटांनी मशीन तापलं आणि दिवा पुन्हा नारिंगी. मंगळवारी तर यादीतून कार्डाचं नावच गेलं होतं. जणू ते कधी बसवलेलंच नव्हतं.

बुधवारी अर्धी रजा टाकून मी लॅपटॉप पिशवीत घालून डिचोलीला गेले. बाजारात एक दुरुस्तीवाला होता, तिशीचा, डोळ्याला भिंग लावून काम करणारा. त्याने लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढून तळाचं छोटं झाकण उघडलं आणि मला जवळ बोलावलं. काडेपेटीएवढं हिरवं कार्ड. त्याला दोन बारीक तारा, एक काळी आणि एक पांढरी. पांढरी निसटून बाजूला पडली होती.

"ही अँटेनाची तार, वयनी. पडद्याच्या कडेतून येते. आणि हा बघा, एक स्क्रू नाहीच. मशीन तापलं की कार्ड वर उचलतं."

त्याने कार्ड काढलं. त्याची सोनेरी टोकं मुलांच्या खोडरबराने हलकेच घासली, पुसली, परत बसवलं, तार टिचकन दाबली, स्क्रू लावला. दिवा निळा झाला. मी म्हटलं, थांबते थोडा वेळ. वीस मिनिटं मी स्टुलावर बसून त्या दिव्याकडे बघत होते. एकविसाव्या मिनिटाला तो विझला.

"कार्डच गेलं," तो म्हणाला. त्याच्याकडे दुसऱ्या लॅपटॉपमधलं एक कार्ड होतं. ते बसवून मशीन चालू केलं, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत सूचना आली: हे कार्ड चालणार नाही, काढून टाका. पुढे काही जाईचना.

"ह्या लॅपटॉपाक दुसऱ्याचं कार्ड चलना," तो म्हणाला. "स्वतःच्या कंपनीचं पाहिजे. मागवायला पंधरा दिवस."

मला तिथेच रडू आलं. अनोळखी माणसापुढे, भर बाजारात. काय झालं त्याने विचारलं आणि मी सगळं सांगितलं; थांबलेल्या हातापर्यंत. त्याने भिंग काढलं. जरा विचार करून म्हणाला, "मग कार्डाचा नादच सोडा. बाहेरून पेनड्राइव्हसारखं लावायचं मिळतं. वायफायच आहे ते. म्हापशाहून शुक्रवारी आणून देतो." मृत कार्ड त्याने परत बसवलं नाही, नाहीतर दोघांची भांडणं लागतील म्हणाला.

शुक्रवारी ते मिळालं. नखाएवढं, कडेच्या खाचेत बसणारं. त्याची सीडी घालून ते चालू केलं, शनिवारभर लॅपटॉप मुद्दाम चालू ठेवून तापू दिला, खाली दोन वाट्या उपड्या घालून वारा लागेल असं केलं. ते टिकलं. बहिणीला रोज मेसेज करत होते. उत्तर नव्हतं.

रविवारी चार वाजता मी कॉल लावला. कितीतरी वेळ कुणी उचलला नाही. मग पडद्यावर चेहरा आला तो तिच्या सासूचा.

"झोपलीया गं ती," त्या म्हणाल्या. "हल्ली दुपारचं पडती जरा. तू बरी हाईस न्हवं? मालक आलं का तुझं गुजरातवरनं?"

त्यांच्या मागे आतलं दार होतं. त्या दारात माझी बहीण येऊन उभी राहिली. सासूला चाहूल लागली नाही. बहिणीने पोटाजवळ हात धरले आणि छोट्या छोट्या खुणांनी बोलायला लागली. सासू पावसापाण्याचं बोलत होत्या. मी त्यांच्याकडे बघून हो हो म्हणत होते आणि त्यांच्या खांद्यावरून बहिणीचे हात वाचत होते. बाळ. झालं की. जावेला देणार. सगळ्यांनी ठरवलं. आम्हाला ऐकू येत नाही म्हणून. मोबाईल काढून घेतला. मग घर. मग हात माझ्याकडून तिच्याकडे आला, स्पष्ट, दोनदा. तू ये.

सासूसमोर मला हातांनी उत्तर देता येईना. सासूला म्हटलं, "मावशी, मी उद्या येते हं तिला बघायला." हे म्हणताना मी डोळे मिटून उघडले. तिला ते दिसलं असावं, कारण ती दारातून गेली.

सोमवारी पहाटेच्या गाडीने चोर्ल्याचा घाट चढून बेळगाव, तिथून कोल्हापूर. घरी गेले तेव्हा सगळे जेवायला बसत होते. मला वाटलं होतं ते लोक लपवतील, पण सासूने सरळच सांगितलं.

"माझं पोरगं बहिरं जन्मलं, मी वाढवलंय, मला म्हाईत हाय. ते रडलं तर मला ऐकू यायचं. हिच्या पोराचं रडणं कोण ऐकणार? थोरलीला मूल न्हाई. तिच्याजवळ निजलं तर कुणाचं काय बिघडतंय? याच घरात राहणार की ते."

जाऊ खाली मान घालून भात वाढत होती. दहा वर्षं मूल नसलेली बाई. तिच्यावर मला रागावता येईना. बहिणीचा नवरा आईच्या तोंडाकडे आणि माझ्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होता. मोबाईलचं विचारलं तर दीर म्हणाले, सारखी रडत मेसेज करायची, तब्येतीला बरं नव्हे म्हणून ठेवून घेतला.

बहिणीने मला गच्चीवर नेलं. सगळं पुन्हा नीट सांगितलं. मग विचारलं, "तुलाही तसंच वाटतं? मला बाळ सांभाळता येणार नाही?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. खरं म्हणजे ती गरोदर आहे हे कळलं त्या दिवशी माझ्याही मनात तोच विचार आला होता, की बाळ रडलं तर हिला कसं कळणार. तेवढा वेळ तिला पुरला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मी नंतर नाही, नाही म्हणत राहिले. पण जी माझ्याकडे बघत नाही तिला मी काहीच सांगू शकत नव्हते.

पहिलं बाळंतपण माहेरी, एवढ्या एका मुद्द्यावर मी तिला साखळीला घेऊन आले. सासूने नाही म्हटलं नाही. मुलगी झाली. तिला ऐकू येतं हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बहीण हसली नाही की रडली नाही. झोपताना ती एक मऊ नाडी बाळाच्या पायाला सैल बांधायची आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला. बाळ वळवळलं की ती माझ्याआधी उठायची. मी शेजारी असून मला कितीदा जाग यायची नाही. हे मी तिच्या सासूला फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "व्हय का?" आणि विषय बदलला.

पाच महिन्यांनी तिचा नवरा घ्यायला आला आणि ती गेली. बाळ तिच्याचजवळ निजेल हे तिने नवऱ्याकडून कबूल करून घेतलं होतं, आणि ते पाळलंही गेलं. पण दिवसभर बाळाशी तोंडाने बोलत बसणारी बाई होती ती जाऊ.

भाची दोन वर्षांची असताना मी कोल्हापूरला गेले होते. ती बहिणीशी भराभर हातांनी बोलत होती, पाणी माग, चप्पल माग. मग जाऊ आतून आली आणि ती तिच्याकडे धावत गेली, मोठ्याने "आई, आई" करत. बहीण कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने पोरीच्या ओठांकडे बघितलं होतं. माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तिला काय म्हणते ती?"

मी म्हटलं, "काकी."

ती माझ्या तोंडाकडे थोडा वेळ बघत राहिली. मग तिने पोरीचा फ्रॉक उचलला, झटकला आणि घडी घातली.