मिस्टर स्मॉल थिंगचा आवाज

माझ्याबद्दल आपल्याला सगळं ठाऊक आहे, असं माझा नवरा चारचौघांत छातीठोकपणे सांगतो. सांगू दे बापडा. ही गोष्ट त्याला ठाऊक नाही. आईला नाही, बहिणीला नाही — कुणालाच नाही. आज तुम्हाला सांगते आहे, आणि आधी थोडं इकडचं तिकडचं बोलून घेणार आहे, कारण थेट मुद्द्यावर यायची हिंमत होत नाहीये. चिडू नका. माझ्यावर मीच पुरेशी चिडलेली आहे.

तेव्हा आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोला राहायचो आणि मी प्लेनोमधल्या एका कंपनीत होते. कंपनी घरोघरचे एसी दुरुस्त करून द्यायची. टेक्सासमध्ये एसी बंद पडणं म्हणजे काय, हे तिथला उन्हाळा काढलेल्यालाच कळतं. लोक फोन करायचे, आमच्या प्रोग्रॅममध्ये नोंद व्हायची, मेकॅनिक जायचा. तो प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या टीममध्ये मराठी दोघंच — मी पुण्याची, आणि नागपूरचे वानखेडे.

वानखेडे माझ्याहून बरेच मोठे. मला ताई म्हणायचे, मी त्यांना सर. एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहत होतो, त्यामुळे ऑफिसला जाणंयेणं माझ्याच गाडीतून. त्यांची सई तेव्हा तिसरीत होती, मला मावशी म्हणायची. वहिनी सांबारवडी, म्हणजे त्यांच्याकडची कोथिंबिरीची वडी, करायच्या आणि आमच्याकडे आवर्जून पाठवायच्या. म्हणजे माणसं घरची होती. आणि तरी — खोटं कशाला बोलू? — वानखेडे माझ्या डोक्यात जायचे. एक गोष्ट सांगायची तर तीन फाटे फोडणार. माझे पोहे खाऊन म्हणणार, छान झालेत, पण वर झणझणीत तर्री नाही. रोज हायवेवर मला लेन बदलायला शिकवणार, स्वतःला गाडी येत नसताना!

त्यात त्यांची ती पद्धत. मीटिंगमध्ये साहेबाला 'नाही' म्हणायचं नाही. चार लोकांत साहेबाला अडवणं म्हणजे त्याचा पाणउतारा, असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. सगळं मान डोलवत ऐकून घ्यायचे, आणि मीटिंग संपली की साहेबाच्या केबिनच्या दारात उभे — डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. घसा खाकरायचे. मग हळूच, ‘वन स्मॉल थिंग ओन्ली.’ आणि ती स्मॉल थिंग अशी असायची की सगळा प्लॅन मुसळ केरात! आपल्याकडे यात काही वावगं नाही हो. निम्मी ऑफिसं अशीच चालतात. पण आमचा साहेब, रॉन, कपाळावर हात मारून घ्यायचा. मघाशी का नाही बोललास, म्हणायचा. आणि मग इंडियन लोक असेच, हे आम्हा सगळ्यांच्याच गळ्यात पडायचं. मला त्याचा किती राग यायचा म्हणून सांगू!

आता बाहुल्यांकडे येते.

ट्रेनिंग डिपार्टमेंटमध्ये ब्रेंडा नावाची बाई होती. तिला गोडाऊनमध्ये कंपनीची फार जुनी फिल्म सापडली. सेल्समन लोकांना शिकवण्यासाठी कधीकाळी केलेली, ब्लॅक अँड व्हाइट. त्यात दोन बाहुल्या. एक हसतमुख, दुसरी तोंड वाकडं करून बसलेली. हसरी सांगणार, गिऱ्हाईकाचं ऐकून घ्यावं. दुसरी म्हणणार, मी नाही ऐकत जा! की लगेच तिच्या डोक्यावर छत कोसळणार. पुढच्या वेळी खड्डा. पुढच्या वेळी तोफ. आम्ही जेवणाच्या सुट्टीत पिझ्झा खात ती पाहिली आणि पोट धरधरून हसलो. ब्रेंडाच्या डोक्यात आलं, आपणही अशाच फिल्म करायच्या. नाहीतरी ट्रेनिंगच्या स्लाइड्स कोण बघतं?

ऑफिसातल्या दिवाळीच्या पॉटलक जेवणाला मी अर्ध्या ऑफिसच्या नकला केल्या होत्या, त्या ब्रेंडाच्या लक्षात होत्या. तिने मला विचारलं, संवाद लिहिशील का, आवाज देशील का. अहो, मी वेडीच व्हायची बाकी होते! कॉलेजात एकांकिकांची बक्षिसं घेतलेली मुलगी मी, आणि इथे दिवसभर दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका शोधत बसले होते. कुणीतरी माझ्याकडे माझं खरं काम मागत होतं. मी हो म्हणाले, आणि पहिल्या फिल्मचा विषय होता — मीटिंगमध्ये मोकळेपणाने बोला.

कळलंच असेल तुम्हाला.

मिस्टर स्मॉल थिंग. फोमची बाहुली, रंग हिरवा — कुणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून ब्रेंडाने मुद्दाम हिरवा निवडला. हातात डबा मीच द्यायला लावला. मीटिंगमध्ये हा नुसता मान डोलवतो. मग कॉफी मशीनपाशी साहेबाला गाठतो, घसा खाकरतो, ‘वन स्मॉल थिंग ओन्ली’, आणि सांगेसांगेपर्यंत मागे छत खाली येतं. आवाज माझा. तो खाकरा, ते वाक्याच्या शेवटी वर जाणारं 'ओन्ली' — सगळं मी गाडीत रोज शेजारी बसून उचललेलं. बाई बोलते आहे हे कुणाच्या बापाला ओळखू आलं नसतं. आणि ब्रेंडाला मी सांगितलं, माझं नाव कुठे घालू नकोस, कुणाला सांगूही नकोस. तिला वाटलं, किती विनयशील मुलगी! विनय कसला डोंबलाचा. नाव लपवलं, म्हणजे मला तेव्हाच कळत होतं ना, मी काय करते आहे ते?

फिल्म तुफान चालली. लिफ्टमध्ये लोक एकमेकांना 'वन स्मॉल थिंग ओन्ली' म्हणायला लागले. वानखेडेही हसले. पहिल्यांदा जरा उशिरा हसले. दुसऱ्या दिवशी गाडीत त्यांनी मला विचारलं, हा आवाज कोणी दिला असेल. मी आरशात मागची गाडी बघत म्हणाले, डॅलसचा कुणी आर्टिस्ट असेल, बाहेरून आणतात.

“पोट्टा हुशार आहे जी,” ते म्हणाले. “आपल्याकडच्या कोण्या माणसाजवळ बसून ऐकलं असेल त्याने.”

मग म्हणाले की फिल्ममध्ये सांगितलं ते मात्र बरोबरच आहे, इथे राहायचं तर मीटिंगमध्येच बोलायला पाहिजे. बघा. अख्ख्या कंपनीत तो धडा मनापासून घेणारा माणूस एकच निघाला. बाकी सगळे नुसते हसले होते.

त्या उन्हाळ्यात आम्ही जुना प्रोग्रॅम बंद करून नवा सुरू करणार होतो. वानखेडेंना त्यात एक भोक सापडलं. बदलाच्या दिवशी जे फोन येतील त्यांची नोंद जुन्यात होणार, पण नव्या यादीत येणारच नाही. म्हणजे माणूस मेकॅनिकची वाट बघत बसणार, आणि मेकॅनिकला पत्ताच नाही. त्यांनी मला हे हायवेवर नीट समजावून सांगितलं, फाटे न फोडता. मला शंभर टक्के पटलं. ते म्हणाले, संध्याकाळी रॉनच्या केबिनमध्ये जाऊन सांगतो. आणि मी — मी म्हणाले, केबिनमध्ये नको, सर. आता ते हास्यास्पद दिसतं. मीटिंगमध्ये बोला.

मीटिंगमध्ये ते उभे राहिले. तिथे कुणी उभं राहून बोलत नाही. घसा खाकरला. आणि सवयीने, बिचाऱ्यांच्या तोंडून तेच निघालं — “वन स्मॉल थिंग...” टेबलाच्या टोकाला बसलेल्या एकाने बाहुलीच्या आवाजात 'ओन्ली' जोडलं. झालं. सगळी खोली फुटली. कुणी छताकडे बोट दाखवलं, कुणी डोक्यावर हात धरले. रॉन डोळे पुसत होता. वानखेडे त्या हसण्यातही बोलत राहिले, निम्मं वाक्य बोलले असतील, मग तेही हसले आणि खाली बसले. रॉन म्हणाला, ओके, पुढे चला.

आणि मी काय करत होते? हसत होते. घाबरून नाही, लाजून नाही. माझी लाइन अशी उचलली लोकांनी, म्हणून खूश होऊन हसत होते. हे कबूल करायला नको वाटतं, पण तसंच होतं.

मी एवढंच म्हणायला हवं होतं — थांबा, त्यांना बोलू द्या. माझं ऐकलं असतं. पण मी ते म्हणाले नाही. परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं, तुम्ही सांगाल का रॉनला? मी म्हणाले, बघते. आणि बघितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत तो बदलाचा दिवस येऊन गेला.

मग जे व्हायचं ते झालं. ऐन ऑगस्टमध्ये लोक घामाघूम होऊन घरात बसून राहिले, मेकॅनिक आलाच नाही. एका म्हाताऱ्या बाईंना चक्कर येऊन हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. त्या बऱ्या झाल्या, पण त्यांचा मुलगा ऑफिसात येऊन रॉनला नको नको ते बोलून गेला. आता कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायला हवंच होतं. प्रोग्रॅमचा तो भाग वानखेडेंचा. वानखेडे म्हणत होते, मी सांगितलं होतं. कुणाला आठवत नव्हतं. मीटिंगमधलं हसणं सगळ्यांना आठवत होतं, ते कशावर आलं एवढंच आठवत नव्हतं.

रॉनने मला बोलावलं. शेजारी एचआरची बाई बसलेली. तो म्हणाला, तुम्ही दोघं रोज एका गाडीने येता. त्याने तुला कधी हे सांगितलं होतं का?

मी म्हणाले, “नाही.”

हेच ते. इथे यायला मला एवढा वेळ लागला.

का म्हणाले? माझं ग्रीन कार्ड तेव्हा मध्येच अडकलं होतं, हे खरं. पण ते नंतर शोधून काढलेलं कारण आहे. त्या खुर्चीत बसून माझ्या डोक्यात एकच होतं — मी हो म्हटलं, तर विचारतील, मग मीटिंगमध्ये कुणी ऐकलं कसं नाही? मग निघेल बाहुली. मग निघेल, आवाज कोणाचा. आणि ते वानखेडेंना कळेल. म्हणजे माझी लाज वाचवायला मी त्यांची नोकरी दिली.

आणि गंमत बघा, मी त्यांच्यावरच चिडत राहिले. कितीतरी वर्षं! अहो, टेबलावर हात आपटायचा होता! ओरडायचं होतं! हसले म्हणून खाली बसतात का? भाजी चिरताना, गाडी चालवताना मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायचे. ज्याचं वाईट केलं त्याचाच राग किती सोयीचा असतो, ते मला चांगलं ठाऊक आहे.

त्यांची नोकरी गेली. व्हिसा नोकरीवर, म्हणजे राहणंही गेलं. दुसरीकडे जमलं असतं, पण मागच्या कंपनीत विचारलं की रॉन काय सांगणार ते ठरलेलंच होतं. सईच्या शाळेचं नवं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. मराठीचं तर तिला कधी अक्षरही शिकवलं नव्हतं, नागपुरात तिला कुठे घ्यायचं, याच काळजीत वहिनी होत्या. आमच्या ओळखीतल्या लोकांनी त्यांचं सामान विकत घेतलं. वहिनींनी मला मात्र पैसे देऊ दिले नाहीत, कुकर तसाच हातात ठेवला. म्हणाल्या, तुम्ही घरच्या.

विमानतळावर मीच सोडायला गेले. सई मागे झोपली होती, तिला उठवून वहिनी ट्रॉली आणायला पुढे गेल्या. वानखेडे डिकीतून शेवटची बॅग काढून माझ्यासमोर उभे राहिले. या वेळी घसा खाकरला नाही, काही नाही.

“ताई, कोणाला आठवत नाही म्हणते ऑफिसात. जाऊ द्या. पण मी सांगितलं होतं, हे तुम्हाला माहीत आहे ना?”

मी म्हणाले, “हो सर. माहीत आहे.”

“मग झालं,” ते म्हणाले. “एकाला तरी माहीत आहे.”

आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.