आत्याबाईंचे समोरचे दात

माझ्या सासूबाईंचे समोरचे तीन दात माझ्या हातून गेले.

दुष्काळाचं साल होतं. पारनेर तालुक्यातलं आमचं गाव निम्म्याहून अधिक सरकारी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होतं. माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. आम्ही दोघी एकाच ढिगाशी समोरासमोर बसायचो.

माझ्या हातोडीचा दांडा ढिला झाला होता. आत्याबाईंनी दोनदा बजावलं, "अगं, पाचर मारून घे तिला." मी आज-उद्या करत राहिले. माझा आळस, दुसरं काही नाही.

एका सकाळी हातोडी उचलून खाली आणली आणि हातात नुसता दांडा राहिला. लोखंड सुटून थेट आत्याबाईंच्या तोंडावर गेलं. त्या पदर तोंडाशी दाबून वाकल्या. मग तळहात पुढे केला, त्यावर दोन दात होते. तिसरा जागेवरच लोंबत होता.

बाया धावल्या. "काय झालं वं?"

मी काही बोलायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "म्या पडले. दगडावर तोंड आपाटलं." आणि ते लोखंड त्यांनी पायाने खडीत लोटलं. ते फक्त मी पाहिलं.

घरी माझ्या नवऱ्यालाही त्यांनी हेच सांगितलं. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. खरं सांगायला तीच वेळ होती, पण माझी जीभ उचलली नाही.

तिसऱ्या दिवशी तोंड इतकं सुजलं की डोळा मिटला. नवऱ्याने आम्हा दोघींना पारनेरच्या गाडीत बसवून दिलं. तिथून गाडी बदलून नगरला. धर्मादाय दवाखान्यात दातांच्या डॉक्टरांनी लोंबणारा दात काढला, औषध दिलं आणि म्हणाले, "हिरडी भरून येऊ द्या. दीड-दोन महिन्यांनी या, मग दातांचं बघू."

ते दोन महिने फार कठीण गेले. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीची भाकरी वातड, ती मी पाण्यात भिजवून द्यायची. आत्याबाई पदराआडून जेवायच्या. बोलणं तर त्यांनी जवळजवळ सोडलंच. एरवी साऱ्या कामावर त्यांचा आवाज घुमायचा.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी त्यांना आरसा दिला आणि समजावून सांगितलं. "मावशी, एक म्हणजे तीन दातांची प्लेट. ती काढता-घालता येते, रोज धुवायची. दुसरं, कायमचे बसवायचे. पण त्यासाठी शेजारचे दोन दात घासून बारीक करावे लागतात, त्यांच्या आधारावर मधले राहतात."

"आन् ते शेजारचे?"

डॉक्टरांनी बोटाने ते दाबून पाहिले. "हलतायत. भार पेलणार नाहीत. किंवा वरचे सगळेच काढून पूर्ण कवळी बसवायची."

"चांगले दात कशापायी काढायचे? गेले तेवढेच द्या." मग त्यांनी विचारलं, "भाकरी चावंल का?"

"भाकरी दाढेनंच चावा. प्लेट बोलायला आणि दिसायला."

दातांचं माप घ्यायला मऊ मसाला तोंडात भरला तेव्हा त्यांना उलटीची उबळ आली. मी त्यांचा हात धरला. रंग ठरवायची वेळ आली तेव्हा डॉक्टर पांढरेशुभ्र दात दाखवू लागले. आत्याबाई म्हणाल्या, "एवढं पांढरं नगं. माझे दात मिसरीचे हायेत. लोक दातच बघत बसत्याल."

प्लेट बसली. पहिले आठ दिवस हिरडी सोलून निघाली. 'स' म्हणताना शीळ वाजायची. जेवताना त्या प्लेट काढून वाटीत ठेवायच्या आणि ती वाटी समोर दिसली की मला घास जायचा नाही.

एका संध्याकाळी मला राहवलं नाही. नवरा हातपाय धूत होता. मी म्हणाले, "आत्याबाई पडल्या नव्हत्या. माझ्या हातोडीचं लोखंड लागलं."

तो माझ्याकडे बघत उभा राहिला. "आई, खरं हाय का?"

आत्याबाई माझ्यावरच कडाडल्या, "तुला कुनी सांगितलं हुतं बोलायला?" मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "व्हय, खरं हाय. तिनं काय मुद्दाम मारलं न्हाई. आपुन घरात तीन मानसं. त्यातल्या एकानं दुसरीकडं वाकड्या नजरंनं बघत बसायचं, तर ह्ये साल निघायचं कसं?"

तो चार दिवस माझ्याशी तुटक वागला. पाचव्या दिवशी कामावर निघताना, चलतेस ना, म्हणाला. रात्री अंथरुणावर पडल्यावर मी आत्याबाईंना म्हणाले, "मला माफ करा." त्या अंधारातच म्हणाल्या, "झोप आता."

पुढे शेजारचे हलणारे दातही पडले आणि शेवटी पूर्ण कवळी आली. त्या कवळीने भाकरी त्यांना कधीच नीट चावता आली नाही. मी वाढताना भाकरीचा काठ काढून मधला मऊ भाग त्यांच्या ताटात ठेवायची. काठ मी खायची. हे त्यांना दिसत होतं. त्या कधी नको म्हणाल्या नाहीत.