बोललेला कोंबडा

शहाडचा पूल मागे पडला तरी आवडाबाई वळून वळून पाहत होती. अंगारकीला कल्याणहून टिटवाळ्याच्या गणपतीला चालत जायचा तिचा नेम. सोबत मंदाकिनीबाई, तिच्या मुलाला, चंदूला, मराठी शाळेत शिकवलेल्या.

"घरी काही राहिलं का?" बाईंनी विचारलं.

"कोंबरा राहिलाय. खोलीत कोंडून कुलूप घालून आलेय."

"पळून जाईल म्हणून?"

"नाय वो. दीर कापील म्हणून."

बाई हसल्या. आवडाबाई हसली नाही.

खाडीकाठच्या कोळीवाड्यात ती एकटीच राहायची. नवरा खाडीने नेलेला. चंदू जाळं ओढायला तयार नव्हता. भांडला आणि सुरतेकडे निघून गेला. "परत तोंड दाखवू नको," असं तीच बोललेली. त्याच आठवड्यात तिने कोंबडीच्या एका पिल्लाच्या डोक्याला हळद लावून एकवीरा आईला सांगितलं, पोर आलं की त्याच्याच हातून हा तुला देईन. असा बोललेला जीव विकायचा नाही, कापायचा नाही, बदलायचाही नाही.

पिल्लाचा कोंबडा झाला. तुरा डुलायला लागला, पायांना मागून काटे फुटले. जुन्या कोंबड्या त्याला पुरून उरायच्या. त्या एकेक करून गेल्या आणि अंगणात उरल्या नुसत्या तलंगा, अजून अंडंही न घातलेल्या. हा दांडगा दिवसभर त्यांच्या मानगुटीवर. पाठीची पिसं उपटून निघाली, एकीची तर कातडी फाटली. मग आवडाबाईने वाटणी करून टाकली. सकाळी तलंगा मोकळ्या, हा सुतळीने पेरूला बांधलेला. दुपारी तलंगा डालग्याखाली आणि हा मोकळा. पण ती मासळीची पाटी घेऊन बाजारात गेली की ही अदलाबदल करायला घरात दुसरं माणूस कुठे होतं?

काल सुतळी तुटली. ती परतली तेव्हा जखमी तलंग दाराशी मरून पडलेली. दीर दामाजी कोयता घेऊनच आला.

"वहिनी, आईला दुसरा आणू बाजारातून. चंदूची वाट बघशील तर हा म्हातारा होऊन मरंल."

दामाजी वाईट माणूस नव्हता. म्हणून ते जास्त लागलं.

आंबिवलीच्या अलीकडे दोघी चिंचेखाली टेकल्या. बाईंनी शेंगदाण्याचा लाडू मोडून अर्धा पुढे केला.

"तलंगाच देऊन टाका की कुणाला," त्या म्हणाल्या.

"मंग घरात आवाज कुनाचा? कोंबरा न् मी दोघंच एकमेकांकडं बघत बसायचं?"

"आणि त्याला कापला तर?"

"तर पोर येनार नाय, असं मीच ठरवल्यासारखं व्हईल ना, बाई."

लाडू तिने पदरात बांधून ठेवला. जरा वेळाने टिटवाळ्याच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "तुमच्या ठाकुर्लीच्या घराला कुंपन हाय. तुमच्यात कुनी खानारं नाय, घरात कोयता नाय. चंदू येईपत्तुर ठेवाल त्याला? पहाटं वरडतो, तेवरं सोसा. न् चंदू आला तर आधी तुमच्या दाराशी येईल, माज्याकडं यायला लाजंल तो. तवा त्याला कोंबरा दाखवा. म्हनावं, आईनं ठेवलाय."