आबांनी काढलेली संध्याकाळ

आबा गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, कमलने केला, तेव्हा मी धुळ्यात गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होतो. सगळं सांगून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "काका, आता तरी ते चित्र साफ करून द्याल ना?"

ते चित्र म्हणजे शिरपूरकडे, केळीच्या मळ्यातल्या आबांच्या ओसरीवर वर्षानुवर्षं टांगलेलं तैलचित्र. तापीचा काठ, तिन्हीसांजेचं तांबूस, झोपाळू पाणी आणि घागर घेऊन उभी बाई. ती कमलची आई. कमल वर्षाची असतानाच ती गेली, फोटो एकही नव्हता; आबांनी ती नंतर आठवणीतून रंगवली. चित्रकलेच्या वर्गात आबा माझ्या चार पावलं पुढे होते, पण शेतीने त्यांना परत बोलावलं. तपकिरी रंग संपला की हा गडी केळीचा चीक बोटाने फासायचा. धोतराला लागला तर जन्माचा डाग. चित्रात तो वर्षागणिक काळा होत गेला. संध्याकाळ दाटत गेली... आणि बाईचा चेहरा तिच्यात बुडाला.

मी कितीदा म्हटलं, अर्ध्या दिवसाचं काम आहे, पोरीला आई दिसू द्या. आबा चहाची बशी पुढे सरकवायचे. "राहू दे, भाऊ. माले ती अंधारामा बी दखास." अंधारातही दिसते म्हणे! मला त्यांच्या हट्टाचा राग यायचा, खोटं कशाला सांगू?

महिन्याभराने कमल चित्र घेऊन आली. तिच्यासमोरच मी द्रावणात बुडवलेल्या कापसाने चीक सोडवू लागलो. पदर निघाला, घागर उजळली. चेहऱ्यावर मात्र चिकाचे थरावर थर होते. वरचा तर अजून फिका, यंदाचाच. त्याखाली रंगाचा नुसता खडबडीत ढीग, काढलेला, खरवडलेला, पुन्हा काढलेला. डोळे नव्हते, नाक नव्हतं. आबांना ती आठवत नव्हती... लेकीला हे सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून ते स्वतःच्या हाताने अंधार लावत राहिले.

कमल चित्रावर वाकली. "दर दिवाळीला मी विचारायचे, आई कशी दिसायची. आबा दर वेळी वेगळंच सांगायचे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही पाहिलंय ना तिला?"

मी डोळे मिटले. आबांच्या लग्नात मी होतो. पण मला दिसले ते तिच्याकडे बघत राहिलेले आबाच. तेच मी कमलला सांगितलं.

चित्र आता तिच्या घरी आहे, तसंच उघडं. कुणी विचारलं की ती त्या खडबडीत जागेवर बोट ठेवते आणि म्हणते, हे माझे आबा.